जामठ्याच्या पुढे तापलेली गाडी: मे महिन्यातील एका दुपारचे प्रकरण

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी २ वाजून १० मिनिटांनी माझ्या भाच्याचा फोन आला. त्याचे पहिलेच वाक्य असे होते की गाडी तापली होती, पण आता तापमानाचा काटा खाली आला आहे, तेव्हा निघू का? या प्रकरणाचा गाभा त्या एका वाक्यात आहे, म्हणून मी सुरुवात तेथूनच करतो. काटा खाली आला होता हे खरे होते; इंजिन थंड झाले होते हे मात्र खरे नव्हते.

मी नागपुरात औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिक या व्यवसायाचा निदेशक म्हणून २६ वर्षे काम केले. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची उदाहरणे वर्गात सांगताना मला एक अडचण नेहमी जाणवत असे. ऐकणाऱ्याच्या लक्षात बिघाड तेवढा राहतो, पण बिघाड कळण्याच्या आधीच्या वेळेत चालवणाऱ्याने काय केले आणि काय करायचे टाळले, हा भाग निसटून जातो. आणि माझ्या अनुभवात गाडी वाचते किंवा हातची जाते ती त्याच वेळेत. म्हणून हे प्रकरण मी बिघाडाच्या क्रमाने न लिहिता घड्याळाच्या क्रमाने लिहीत आहे.

गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, ८६ हजार किलोमीटर धावलेली. भाचा चालवत होता, माझी थोरली बहीण शेजारी होती आणि मागे भाच्याची चार वर्षांची मुलगी. नागपूरच्या मनीषनगरहून हिंगणघाटला लग्नाला निघालेली ही मंडळी सव्वा वाजता वर्धा रोडला लागली. चिंचभवन, खापरी, जामठा येथपर्यंत रस्ता मोकळा होता आणि तापमानाचा काटा नेहमीच्या जागी, म्हणजे अर्ध्याच्या किंचित खाली होता. जामठ्याच्या पुढे, बुटीबोरीच्या अलीकडे एक मालवाहू गाडी आडवी झाल्याने रांग लागली होती. बाहेर ४५ अंशांच्या आसपास तापमान, एसी पूर्ण क्षमतेवर आणि गाडी वीस मिनिटे मुंगीच्या पावलाने सरकत होती. या वीस मिनिटांत काटा चढला. बहिणीला आधी वास आला. गुळाचा पाक लागल्यासारखा गोडसर वास, असे तिने नंतर मला सांगितले, आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे पाणीमिश्रित द्रव, गळून तापलेल्या भागावर पडले की अगदी तसाच वास येतो. त्यानंतर लाल दिवा लागला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. भाच्याने गाडी डावीकडे घेऊन डांबराच्या बाहेर उभी केली, आणि हे त्याने चांगले केले. पण लहान मुलगी गाडीत आहे म्हणून एसीसाठी इंजिन चालूच ठेवले. पाच मिनिटांनी काटा घसरत खाली आला, तेव्हा त्याने मला फोन लावला.

मी त्याला दोनच प्रश्न विचारले. पहिला, इंजिन चालू आहे का? आहे, असे उत्तर आले. दुसरा, एसी बंद करून हीटरची कळ लाल टोकाला ने, पंखा मोठा कर आणि हवा कशी येते ते सांग.

"मामा, बाहेर लू वाहते तशीच हवा आहे. त्याहून गरम नाही."

मी म्हटले, "चावी फिरव. इंजिन बंद कर, आत्ता."

इंजिनातील गरम कूलंट हीटरच्या लहानशा जाळीतून फिरते आणि त्या जाळीवरून आलेली हवा आपल्याला मिळते. इंजिन लाल दिव्यापर्यंत तापलेले असताना हीटर उघडला तर हात धरवणार नाही इतकी कढत हवा यायला हवी. ती येत नसेल, तर त्या जाळीत फिरायला कूलंटच उरलेले नाही. तापमानाचा काटा ज्या संवेदकावर चालतो, तो संवेदकही कूलंटमध्ये बुडालेला असावा लागतो. कूलंट त्याच्या खाली गेले की त्याला वाफ आणि हवा लागते आणि तो कमी तापमान दाखवू लागतो. म्हणजे काटा खाली आल्याने माणसाला जेव्हा हायसे वाटते, नेमक्या त्याच वेळी इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेला धातूचा वरचा भाग, कोरडे तापत असते. नागपूरच्या मे महिन्यात हा फरक ओळखणे आणखी अवघड जाते, कारण बाहेरची हवाच इतकी गरम असते की हीटरमधून साधी बाहेरची हवा आली तरी ती गरमच वाटते. म्हणून मी "गरम येते का" असे न विचारता "कशी येते" असे विचारले होते. हा प्रश्न असाच विचारावा, असे माझे मत आहे.

हीटर उघडण्याचा दुसरा उपयोगही येथेच सांगून टाकतो, कारण रांगेत अडकलेल्या माणसाला तो लागलीच कामाचा आहे. काटा नुकताच अर्ध्याच्या वर सरकू लागला आहे, कूलंट शाबूत आहे आणि गाडी बाजूला घ्यायला जागा नाही, अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण उघडला आणि खिडक्या खाली केल्या, तर इंजिनाला एक छोटा जादा रेडिएटर, म्हणजे कूलंटची उष्णता हवेत टाकणारी जाळी, मिळतो. अंग भाजून निघते, पण सुरक्षित जागा मिळेपर्यंतची दोन-चार मिनिटे मिळतात. लाल दिवा लागल्यावर मात्र हा उपाय करत बसू नये. तेव्हा थांबणे आणि इंजिन बंद करणे एवढेच उरते.

इंजिन बंद झाले आणि त्याबरोबर एसीही बंद झाला. आता प्रश्न माणसांचा होता. या भागाबद्दल मला फार कळकळीने सांगायचे आहे, कारण आपण गाडीच्या चिंतेत गाडीतल्या माणसांना विसरतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतील तापमान काही मिनिटांतच बाहेरच्यापेक्षा बरेच वर जाते, आणि चार वर्षांचे मूल व साठी उलटलेली बाई यांना ४५ अंशांत ते सोसवत नाही. मी भाच्याला म्हटले की आधी धोक्याचे दोन्हीकडचे दिवे लाव, मग तिघेही डाव्या दाराने उतरा. उजवे दार उघडू नका, कारण त्या बाजूने वाहने भरधाव जातात. गाडीच्या मागे-पुढे उभे राहू नका, लोखंडी कठड्याच्या पलीकडे जा. डिकीतला परावर्तक त्रिकोण गाडीपासून किमान ५० मीटर मागे ठेव, आणि तो ठेवायला जाताना येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून कडेने चाल. साधारण दोनशे पावले टाकल्यावर एक ढाबा होता. ढाब्याच्या मालकाने लांबूनच हाक मारली, "बाई, पोरीले आत घेऊन या जी, कूलरपुढे बसा." बहिणीने दुपट्टा ओला करून नातीच्या डोक्यावर ठेवला आणि मठ्ठा मागवला. भाच्याने माझ्या सांगण्यावरून राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर ठिकाण कळवले. कोणाला चक्कर, उलटी किंवा असंबद्ध बोलणे असे काही झाले असते तर त्याआधी १०८ वर रुग्णवाहिका बोलवायची, हेही मी बजावून ठेवले होते. तशी वेळ आली नाही.

मी दहा लिटर साधे पाणी, दोन लिटर कूलंट, पान्यांची पिशवी आणि चाचणी दिवा घेऊन निघालो. अर्ध्या वाटेत असताना भाच्याशी फोन पुन्हा जोडलेला होता आणि पलीकडून एका नव्या माणसाचा आवाज आला. मागे उभ्या ट्रकचा क्लीनर पाण्याचा डबा घेऊन मदतीला धावून आला होता. "झाकण खोला ना भाऊ, पाणी टाकून देऊ, पाच मिनिटांत थंडी होते गाडी." माणूस भला होता, उन्हात स्वतःचे पाणी घेऊन आला होता, आणि भाच्याच्या हातात फडकेही तयार होते. मी गाडीतून ओरडून म्हटले, "हात लावू नका! झाकणाला कोणी हात लावायचा नाही."

रेडिएटरचे झाकण हे साधे बूच नसते; ती दाबाची झडप असते. ती आतील पाण्यावर वातावरणाच्या दाबाहून साधारण एक बार, म्हणजे जवळपास आणखी एका वातावरणाइतका, जादा दाब राखते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने उघड्या भांड्यात येथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते, पण एक बार जादा दाबाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. आता समजा आत ११५ अंशांचे तीन लिटर पाणी शिल्लक आहे आणि आपण झाकण फिरवले. दाब क्षणात जातो आणि जादाची उष्णता पाण्याच्या साधारण तीन टक्के भागाची वाफ करून बाहेर पडते. तीन टक्के म्हणजे जेमतेम नव्वद मिलिलिटर, एक कप चहाइतके. पण पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० पट जागा व्यापते, म्हणजे त्या एका कपाची दीडशे लिटर वाफ होते आणि ती उरलेले उकळते पाणी सोबत घेऊन झाकणावर वाकलेल्या चेहऱ्याकडे उसळते. फडके या कामी काहीच उपयोगाचे नाही. माझ्या नोकरीच्या काळात एका विद्यार्थ्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत असा भाजलेला मी पाहिला आहे. वर्गात या मुद्द्यावर मी आवाज चढवत असे, तो त्याच्यामुळे.

झाकण उघडण्याआधी किती थांबायचे याचा ठराविक आकडा मी देत नाही. अर्धा तास पुरेसा आहे असे सर्वत्र सांगितले जाते, परंतु तापलेल्या डांबराशेजारी, ४५ अंशांच्या हवेत, गरम इंजिन गार व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो. खरी खूण रेडिएटरच्या वरच्या जाड रबरी नळीत आहे. घडी केलेल्या फडक्याने ती दाबून पाहावी. ती फुगलेल्या ट्यूबसारखी कडक लागत असेल तर आत दाब आहे. सहज दबत असेल तर दाब गेला आहे. मी ३ वाजता पोहोचलो तेव्हा नळी सैल होती. तरीही झाकण मी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवले, हलकासा फुसकारा ऐकला, तो थांबल्यावर दुसऱ्या खाचेपर्यंत फिरवून काढले.

आत डोकावल्यावर जाळीच्या नळ्या उघड्या दिसत होत्या. भाच्याने हिरवे कूलंट घातल्याचे सांगितले होते, पण तळाशी होते ते गंजट तपकिरी, विटकरीच्या पाण्यासारखे. काठावर बोट फिरवले तर पांढरा खरखरीत थर हाताला लागला. बहिणीच्या घरी बोअरवेल आहे आणि कूलंटची टाकी कमी दिसली की त्याच पाण्याची भर टाकली जात होती, हे तेथेच कळले. क्षारयुक्त पाणी उकळून-उकळून घरच्या गिझरमध्ये जे करते, तेच त्याने येथे केले होते.

तोवर ढाबेवाल्याने बुटीबोरीहून एक मिस्त्री दुचाकीवर बोलावला होता. वय पंचविशीचे, पण हात तयार. कूलंट गेले कोठून, हे त्याने माझ्याआधी हेरले. वरच्या नळीचे इंजिनाकडचे टोक जेथे क्लिपने आवळलेले असते, तेथे क्लिपच्या कडेला सुमारे दीड सेंटिमीटरची चीर होती आणि तिच्याखाली वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा ओघळ. ओघळ जुना होता. म्हणजे चीर आज पडलेली नव्हती. आज दाब वाढल्यावर ती उघडली एवढेच. माझ्या पिशवीत रबरी पट्टी होती आणि मी ती गुंडाळायच्या बेतात होतो. मिस्त्री म्हणाला, "काकाजी, पट्टी टिकत नाही. पाइप लांब आहे, पुढून कापून देतो." त्याचे म्हणणे बरोबर होते. नळीला पुरेसा ढील होता. त्याने क्लिप सैल करून नळी ओढून काढली, चिरेच्या आतून दोन सेंटिमीटर सरळ कापली, धातूचे टोक सँडपेपरने घासून नळी पुन्हा पूर्ण चढवली आणि क्लिप काठाला न आवळता थोडी आत घेऊन आवळली. रस्त्यावरच्या दुरुस्तीत मला याहून समाधानाचे काम क्वचित पाहायला मिळते, कारण येथे बिघडलेला भाग झाकला गेला नाही, काढून टाकला गेला. गुंडाळलेली पट्टी तेलकट, ओल्या रबरावर धरत नाही आणि दाब आला की सुटते; ती नळीच्या मधोमध छिद्र असेल आणि नळी कापण्याची सोय नसेल, तेव्हाच वापरावी.

मग पाणी भरले. इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांबलो, ढाब्याच्या बाहेर ठेवलेल्या कॅनमधले, म्हणजे गार नसलेले पाणी घेतले, त्यात सोबतचे कूलंट मिसळले आणि पेल्यापेल्याने ओतले. तापलेल्या धातूवर थंड पाणी पडले तर तो तडकतो. घाईत भरलेल्या पाण्यात हवेचे फुगे अडकतात आणि मग भरलेले पाणीही फिरत नाही. सुमारे तीन लिटर गेले. पाच लिटरांच्या आतल्या व्यवस्थेतून तीन लिटर गेले होते, याचा अर्थ भाच्याने इंजिन आणखी दहा मिनिटे चालू ठेवले असते तर काय झाले असते, ते सांगायला मी धजावत नाही.

इंजिन सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल काळपट पण स्वच्छ होते. दूध घातलेल्या चहासारखे झाले असते तर पाणी ऑइलमध्ये उतरले, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालचा सांधा बंद ठेवणारी चकती) गेले, असे समजून मी तेथेच काम थांबवले असते. इंजिन एका झटक्यात सुरू झाले, रेडिएटरच्या तोंडाशी थोडे फुगे आले आणि मिनिटभरात थांबले. फुगे थांबले नसते तर सिलिंडरातील वायू पाण्यात येत आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. धुरांड्यातून पांढरा गोडसर धूरही नव्हता. तिन्ही खुणा चांगल्या होत्या, आणि भाच्याचा चेहरा खुलला. मला मात्र अजून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळालेले नव्हते. नळीतून गळती झाली, हे मान्य. पण जामठ्यापर्यंत ठीक असलेला काटा रांगेतच का चढला?

गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो. गाडी थांबली की हे काम विजेच्या पंख्यावर येते. म्हणून धावताना ठीक आणि थांबल्यावर गरम, अशी तक्रार असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. याची पडताळणी सोपी आहे. बहुतेक गाड्यांत एसी लावला की पंखा फिरू लागतो. मी एसी लावला. पंखा हलला नाही. एसी आणि इंजिन बंद करून फ्यूजपेटी उघडली. पंख्याचा ३० अँपिअरचा फ्यूज जळला होता. पेटीच्या झाकणात त्याच मापाचा जादा फ्यूज होता. तो बसवून पुन्हा पाहिले, तेव्हा पंख्याने एक हिसका दिला, गुंगाट केला आणि दुसरा फ्यूजही गेला.

लागोपाठ दोन फ्यूज गेले की दोष फ्यूजचा नसतो. चावी काढून, बॅटरीची ऋण तार सोडवून मी पंख्याचे पाते बोटाने फिरवून पाहिले. ते अर्धा फेरा घेऊन अडकले आणि आतून वाळू घासल्यासारखा आवाज आला. मोटरचे बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारी कडी, झिजले होते. अडकलेली मोटर भरमसाट प्रवाह ओढत होती आणि फ्यूज आपले काम बजावत होता. येथे मिस्त्रीचा आणि माझा मतभेद झाला. त्याने बॅटरीवरून पंख्याला थेट तार जोडून देण्याची तयारी दाखवली. त्याने अशा गाड्या सोडवल्या असतील, याबद्दल मला शंका नाही. पण फ्यूज ही त्या वायरिंगमधली मुद्दाम अशक्त ठेवलेली कडी आहे. ती काढून टाकली की पुढची अशक्त कडी म्हणजे तारेवरचे प्लास्टिक, आणि ते वितळते तेथून पेट्रोलची नळी हातभर अंतरावर असते. मोटर चांगली असून केवळ रिले, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणारा विजेचा स्विच, गेला असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले काढून पंख्याला लावणे हा अगदी योग्य तात्पुरता उपाय ठरला असता. जाम झालेल्या मोटरला मात्र तार जोडणे नाही. त्यालाही ते पटले.

आता निर्णय उरला होता. कूलंट भरले आहे, गळती बंद आहे, इंजिन नीट चालते आहे, पण पंखा नाही. भाचा म्हणाला, "मामा, घर वीस-बावीस किलोमीटर तर आहे. एसी न लावता हळूहळू नेतो." रस्ता पूर्ण मोकळा असता, हिवाळ्याची सकाळ असती, तर मीही हो म्हटले असते. परंतु हिशेब मांडून पाहावा. ९५ अंशांचे कूलंट २५ अंशांच्या हवेत गार होते तेव्हा दोहोंत ७० अंशांचा फरक असतो. ४५ अंशांच्या हवेत तो ५० वर येतो, म्हणजे रेडिएटरची उष्णता टाकण्याची ताकद जवळपास ३० टक्क्यांनी घटते. त्यात आतून क्षार साचलेले. रांग अजून सुटलेली नव्हती आणि ती सुटली तरी चिंचभवनच्या पुढे सिग्नल लागतातच. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेड एकदा कोरडे तापले होते. अॅल्युमिनियमच्या हेडचा सरळपणा मिलिमीटरच्या शतांश भागांत मोजतात. तो बिघडला आहे की नाही, हे रस्त्यावरच्या तीन खुणांवरून नक्की सांगता येत नाही, आणि दुसऱ्यांदा तापल्यावर तो उरेलच असे मानण्यास कोणताही आधार नव्हता. मी टोचन करण्याच्या बाजूने होतो आणि तेही दोरीने नव्हे, तर गाडी पूर्ण उचलून नेणाऱ्या ट्रकने. दोरीने ओढताना मागच्या गाडीचे इंजिन बंद असल्याने ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड पडतात, आणि मे महिन्याच्या दुपारी, त्या गर्दीत, भाच्याला ते करायला लावणे मला योग्य वाटले नाही.

विम्याच्या कागदांत रस्त्यावरील मदतीचे कलम होते. त्याचे पैसे दरवर्षी भरले जात होते आणि घरात कोणालाच त्याची कल्पना नव्हती. कागद कप्प्यातच होते. ट्रक यायला पावणेदोन तास लागले. तोवर मी बहिणीला आणि नातीला माझ्या गाडीतून नागपूरला परत नेले. लग्न हुकले. बहिणीला वाईट वाटले, पण नात कूलरपुढे शांत झोपली होती, हे पाहून ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये माझ्यादेखत काम झाले. सिलिंडरांचा दाब मोजला, तो चारही ठिकाणी सारखा आला. कूलंटच्या व्यवस्थेला हाताच्या पंपाने एक बार दाब देऊन पंधरा मिनिटे ठेवला. काटा हलला नाही, म्हणजे हेड बचावले होते आणि मिस्त्रीने कापून बसवलेला जोडही. तरी ती नळी बदलली, कारण जी एका टोकाला तडकली ती दुसऱ्या टोकालाही वठलेलीच असते. झाकणाचे रबर इतके कडक झाले होते की ते पुरता दाब धरत नव्हते. थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेवर, क्षारांचा थर होता. पंख्याची मोटर, नळी, झाकण, थर्मोस्टॅट, रेडिएटरची धुलाई आणि ऊर्ध्वपातित पाण्यात मिसळलेले नवे कूलंट, असा सगळा खर्च झाला.

या सगळ्यात मला सर्वांत बोचणारी गोष्ट बिघाडाच्या आधीची आहे. गाडीने महिनाभर आधीपासून सांगितले होते. बहीण सतत म्हणत होती की सिग्नलला एसी थंड देत नाही, गाडी चालू लागली की देतो. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो आणि थांबलेल्या गाडीत त्याच पंख्यावर अवलंबून असतो. पंखा दमला की आधी एसी कमी पडतो, मग इंजिन तापते. परंतु एसी थंड देत नाही म्हटल्यावर गॅस कमी झाला असेल, असे सर्वांनी गृहीत धरले आणि एका दुकानात गॅस भरूनही घेतला. पाच मिनिटे बॉनेट उघडून, एसी लावून, पंखा फिरतो का एवढे कोणी पाहिले असते, तर झिजलेली मोटर एप्रिलमध्येच सापडली असती. कूलंटची टाकी दर पंधरा दिवसांनी कमी होत होती, हीसुद्धा दुसरी स्पष्ट सूचना होती. बंद व्यवस्थेतले पाणी आपोआप संपत नाही. ते कमी होत असेल तर कोठून तरी जात असते, आणि वरून भर टाकल्याने ते जाण्याची जागा तेवढी झाकली जाते.

डिकी तपासली तेव्हा स्टेपनीत हवा जवळजवळ नव्हती. त्या दुपारी टायर फुटला असता, तर जॅक आणि पाना हाताशी असूनही उपयोग झाला नसता. परावर्तक त्रिकोण गालिच्याखाली, वेष्टणातच होता. मला फोनवरून त्याची जागा सांगावी लागली. आता त्या डिकीत पाच लिटर ऊर्ध्वपातित पाणी, एक लिटर कूलंट, दोन क्लिपा, १०, १५, २० आणि ३० अँपिअरचे फ्यूज, बॅटरीच्या जोडतारा आणि एक जाड सुती फडके आहे, आणि विम्याच्या मदतीचा क्रमांक सूर्यपट्टीच्या मागे चिकटवला आहे.

गाडी मिळाल्यावर तिसऱ्या दिवशी, दुपारी ३ वाजता, मी ती बहिणीच्या अंगणात भर उन्हात एसी लावून अर्धा तास उभी ठेवली. पंखा लागत होता, थांबत होता, पुन्हा लागत होता. काटा अर्ध्याच्या खाली राहिला आणि टाकीवर मी पेनाने ओढलेल्या रेघेपासून पातळी पुढचे तीन आठवडे हलली नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बहीण त्याच गाडीने नव्या सुनेची ओटी भरायला हिंगणघाटला जाऊन आली.